पुरे आता, स्की काढ

बल्गेरियाला स्कीइंगला गेलेल्या शिरीषचा फोन आला तेव्हा मी डब्लिनच्या ओंगार भागातल्या आमच्या घरी पोळ्या करत होते. "आज पडलो जरा. पण ग्रँड आहे," इथल्या आयरिश लोकांसारखं, ठीक आहे अशा अर्थाने, म्हणाला आणि हसला. मग विचारलं, "तुझ्या आईंचं तिकीट झालं का?" झालं, म्हटलं. थोड्या गप्पा झाल्या आणि पुन्हा तेच, "तुझ्या आईंचं तिकीट झालं का?" मला वाटलं, रेंज नसेल... दुसऱ्या दिवशी तो परत उतारावर गेला, साधासाच पडला आणि उठला नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. हेल्मेट घातलेलं होतं.

एकाच मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात आम्ही अकरा वर्षं काम केलं. साताऱ्याच्या या माणसाने बर्फ पाहिला तोच चाळिशीत, आणि मग दर हिवाळ्यात त्याचे पाय डोंगराकडे ओढ घ्यायचे. डब्लिनजवळच्या कृत्रिम उतारावर, भुरभुर पावसात, त्याने आम्हा सगळ्यांना शिकवलं. "आधी नीट पडायला शीक, उभं राहायचं मग बघू," म्हणायचा. नंतर गाडीच्या डिकीत थालीपिठांचा डबा उघडायचा...

चार वर्षांपूर्वी अँडोराच्या डोंगरात स्की करताना मी डोक्यावर आपटले. मला काहीही झालेलं नाही, असं ठासून सांगत होते. शिरीषने एवढंच विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" मला आठवेना. तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "पुरे आता, स्की काढ. हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. त्यावर परत पडलीस तर संपलं." मी चिडले, अबोला धरला. तो मात्र उरलेले दोन दिवस, बाहेर लख्ख ऊन असताना, हॉटेलात माझ्यासमोर पत्ते मांडून बसला.

यंदा लेकीच्या परीक्षेमुळे मी गेले नाही. त्याला थांबवणारं तिथे कुणी नव्हतं.

फोनवरचं ते दोनदा विचारणं मी महिनाभर मनातच ठेवलं. शेवटी मंजिरीला, त्याच्या बायकोला, सांगितलं.

"मलाही दोनदा विचारलं त्याने, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का म्हणून," ती म्हणाली. "मी वैतागले गं त्याच्यावर."

मग आम्ही चहा केला. तिच्या ओट्यावर, खिडकीजवळ, दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या आणि त्यांवर शिरीषचे हातमोजे चढवलेले. तो नेहमी तसेच वाळवायचा. सामानातून आले तेव्हा ओले होते म्हणे. आता कधीचेच वाळलेत. मंजिरी रोज ओटा पुसताना त्या बाटल्या उचलते, खालची जागा पुसते आणि परत तशाच ठेवते.