विनीला हव्या असलेल्या टाळ्या

विनी टॅपसेलच्या पोटात दुखत होतं ते क्लाइव्ह पिलबीमला मिळणाऱ्या टाळ्यांमुळे. आता उगाच आडपडदा कशाला! इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशायरच्या किनाऱ्यावर क्लाइव्हचं मटणाचं दुकान. युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, यावर देशभर मतदान व्हायचं होतं, आणि दर शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये चहाबरोबर वाद रंगायचा. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.

विनीनं एकतीस वर्षं बंदरावरच्या जकात कचेरीत काढलेली. कुठल्या मालाला कुठला कागद लागतो, हे तिला झोपेतून उठवून विचारावं! पहिल्या शनिवारी ती 'राहूया' म्हणून बोलली, नियम आणि आकड्यांसकट. लोक बिस्किटं चहात बुडवत बसले. मग क्लाइव्ह उठला.

"ते ब्रुसेल्समधले युरोपवाले साहेब उद्या माझ्या सॉसेजची लांबी मोजायला येतील! सुरी माझ्या हातात असेल, एवढंच सांगतो!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. अहो, धादांत थापा! विनीला थापांचा राग आलाच, पण खरं सांगायचं तर त्या टाळ्या तिला स्वतःला हव्या होत्या. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. केक खाल्ला आणि सगळे पाचच्या ठोक्याला घरी.

तिचं बोलणं मन लावून ऐकणारा एकच, शाळेची देखभाल करून निवृत्त झालेला आर्नल्ड ओकली. तो तिचे मुद्दे वहीत टिपून घ्यायचा. "माझं अजून ठरत नाहीये गं विनी. तू सांगतेस ते घरी जाऊन पुन्हा वाचतो." पण विनीला त्याचं काय! एक म्हातारा आणि त्याची वही. तिकडे क्लाइव्हकडे अख्खा हॉल. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटच्या शनिवारी तिनं कागद खुर्चीवरच ठेवले.

"पडा की बाहेर, खुशाल पडा! मग चहाच्या एकेका पुड्याला सत्तावीस कागद लागतील. सह्या होईपर्यंत बसा गरम पाणी पीत!"

असा हशा पिकला की चहावाल्या बायका किटल्या ठेवून टाळ्या वाजवायला लागल्या. क्लाइव्ह ओरडला, "काय गं विनी, माझ्या पोटावर पाय देतेस की काय!" विनीला आणखी हवं होतं.

तेवढ्यात आर्नल्ड वही घेऊन जवळ आला.

"विनी, चहा तर केनियातून, भारतातून येतो ना? युरोपचा काय संबंध, असं मला वाटत होतं."

हे त्या हॉलमध्ये तिच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. ती खुर्चीवरचे कागद गोळा करायला लागली.

"नाही, चुकलं असेल माझंच," तो म्हणाला. "तू जकातीतली. तपासल्याशिवाय बोलायची नाहीस. सत्तावीस म्हणालीस ना?"

मागून कोणीतरी तिची पाठ थोपटत होतं. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.

"हो," विनी म्हणाली. "सत्तावीस."

आर्नल्डनं आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.