वरच्या खोलीतली निवडणूक

अकोल्याच्या आमच्या घरी वरच्या खोलीत दोन परदेशी विद्यार्थी भाड्याने राहत. दोघं एकाच देशातले, कृषी विद्यापीठात एमएस्सीला. त्यांच्या देशात उत्तर विरुद्ध दक्षिण अशी वर्षानुवर्षं लढाई चाललेली. एक उत्तरेकडचा, एक दक्षिणेकडचा. पण भात एकाच कुकरात शिजायचा. मग तिकडे निवडणूक झाली.

मी एका दैनिकात विदेशाच्या पानासाठी बातम्या निवडायचे. त्या दुपारी सुट्टी होती. वरून भांडी पडल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर दक्षिणेकडचा दुसऱ्याच्या छातीवर बसून त्याचं डोकं फरशीवर आपटत होता. फरशीवर रक्त होतं आणि दोन मोबाइलवर बातम्या चालूच होत्या. एका वाहिनीने उत्तरेकडच्या उमेदवाराला निवडून आणलं होतं, दुसरीने दक्षिणेकडच्या. मी मधे पडले तर त्याने मलाही ढकललं. माझं मनगट दारावर आपटलं, तेव्हा कुठे तो भानावर आला.

माझी वऱ्हाडी त्यांना कळायला लागली होती. मी म्हटलं, "पोलिसाईले बोलावू, का खाली येऊन बातमी नीट वाचता?"

डोक्याला टाके घालून आणल्यावर दोघांना माझ्या टेबलाशी बसवलं. प्रत्येक ओळीला विचारत गेले : हे कोण सांगतंय, तो उभा कुठे होता, त्याने स्वतः काय पाहिलं? एक वार्ताहर उमेदवाराच्या प्रवक्त्याचं ऐकून बोलत होता, दुसरा शेजारच्या देशात बसून. मोजणी अजून संपलीच नव्हती. दोघांनी आपापले मोबाइल पालथे ठेवले.

तेवढ्यात एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, छोटी बातमी दिसली : 'मतमोजणीच्या शाळेबाहेर स्फोट, काही ठार. किरकोळ घटना वगळता मोजणी सुरळीत.' बातमीत गावाचं नाव होतं; उत्तरेकडच्याचा मोठा भाऊ तिथल्या त्याच शाळेत शिक्षक होता. त्याचा फोन लागेना. तेव्हा दुपारी त्याला मारणाऱ्या दक्षिणेकडच्यानेच त्या गावात राहणाऱ्या आपल्या मामाला भावाला शोधायला पाठवलं.

संध्याकाळी मामाचा फोन आला. बोटातल्या अंगठीवरून भावाची ओळख पटली होती. बाकी ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. दक्षिणेकडच्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. ऐकताच दुसऱ्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, मग आणखी एक. ओठ फाटला, दात हलला. मार खाणाऱ्याने उलट हात वर केला नाही. या वेळी मीही मधे पडले नाही.

दुसऱ्या दिवशी ती बातमी लावताना मी 'किरकोळ' शब्द काढला. कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही, एवढंच मथळ्यात दिलं. वृत्तसंपादकांनी विचारलं, एजन्सीचा शब्द काहून कापला?

"मेलेल्याच्या भावाले विचारून आली मी," म्हटलं. त्यांनी पान तसंच छपाईला सोडलं.

पुढे निकाल लागला, हरलेल्यांनी तो मानला नाही, आणि पुन्हा गोळीबार सुरू झाला. विमानं त्या स्फोटापासूनच बंद होती. उत्तरेकडच्याला भावाच्या मातीलाही जाता आलं नाही. तो अमरावतीला ओळखीच्यांकडे राहायला गेला. एका रविवारी दक्षिणेकडचा बसने त्याला भेटून आला. मी विचारलं तर म्हणाला, बोलला नाही, पण चहा पाजला.