ब्रेकमास्तर शांत होतात

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. ब्रेकमास्तरांचा तो सतत दाबलेला, आणि तोंडाचा मात्र कायम निकामी. "क्लच! पाय आहे की उशी?" शिकाऊ माणूस गाडीतून उतरायचा तो लायसन्सची हौस फिटल्यावरच. पण बायको शिकायला बसली आणि पहिल्याच वळणाला तिनं ऐकवलं, "पुन्हा ओरडलात, तर चौकातल्या मॅडमकडे नाव घालीन."

मॅडमचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे मास्तरांच्या डोळ्यात सलणारं कुसळ. खुद्द मास्तरीणबाई तिकडे शिकतात म्हटल्यावर तोंड कुठे लपवायचं?

बाबांना शांत राहणं जमावं म्हणून लेकीनं आपला व्हीआरचा चष्मा त्यांच्या डोक्यावर चढवला. गेम साधा. समोर मठ, रांगेत भिक्खू, त्यांच्या सुरात वंदना म्हणायची. आवाज स्थिर राहिला की तळ्यात कमळं उमलतात, चढला की मिटतात.

"बुद्धं शरणं..." मास्तर खर्जात लागले. भिक्खू उठून स्तूपाभोवती चालू लागले. शेवटच्यानं वळण जरा मोठं घेतलं. मास्तरांचा पाय सवयीनं सणकन पुढे गेला, टीपॉय आडवा! "अहो भंते, साइड बघा साइड!"

कमळं मिटली.

"बाबा, ते चालताहेत. गाडीत नाहीयेत."

"म्हणून काय कसंही वळायचं?"

पण गडी चिवट. "माझी शांती चाललीय, कळत नाही का?" हे ते असं गरजत, की शेजारचे आपला टीव्ही बंद करत. अखेर तळं कमळांनी गच्च भरलं. मास्तरांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, 'अहंकार गेला. पाहून घ्या.'

मग बायकोला गाडीत बसवलं. गाडीनं गचका खाल्ला. "बुद्धं शरणं," मास्तर दातांतून. टेम्पो जवळ आला, "शरणं, शरणं." भिंत जवळ आली तशी पट्टी चढली, लय वाढली, रिव्हर्सचा सेन्सर बरा.

"अहो, वंदना आहे ती, हॉर्न नव्हे! काय चुकलं ते सांगा ना!"

"काही नाही. मी शांत आहे."

"ओरडा एकदाचे!"

झालं. तुंबलेलं सगळं फुटलं. "क्लच अर्ध्यावर धर! आरसा काय केस बघायला लावलाय? स्टिअरिंग आहे, कणीक नाही!" बायको कान देऊन ऐकत होती, एकेक सुधारत होती. गाडी लोण्यासारखी निघाली. मास्तरांची छाती फुगली.

तिनं इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. खिडकीबाहेर मॅडमची पाटी.

"ओरडलात," ती पट्टा सोडत म्हणाली.

"अगं, तूच तर म्हणालीस!"

"हो. काय चुकतं ते कळलं. आता शिकते."

ती आत गेली. मास्तर उतरले, चूक काढायला वाकले. चाकं सरळ, फुटपाथपासून अंतर बेताचं. ओरडायला एकही चूक सापडेना.

शांत व्हावं, तर चष्मा घरीच होता.