सुताने आवळलेला वड

जळगावला आमच्या गच्चीवर एक वड आहे. सव्वा हात उंच, उथळ कुंडीतला, पारंब्या मातीला टेकलेल्या. तो बघायला लोक येतात आणि मला नमस्कार करतात. मी त्याच्यावर ठिकठिकाणी भाषणंही दिली आहेत. आता वय झालं, भाषणं थांबली, पण नमस्कार थांबत नाहीत आणि प्रत्येक नमस्काराला मला मान खाली घालावीशी वाटते. त्या वडाची हकिगत जशी घडली तशी एकदा लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला नोकरीत होतो. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत भाड्याने राहत होतो. भोवती काळी माती, बाभळी आणि अर्धवट बांधलेली घरं. वटपौर्णिमेला बायकांना पुजायला वड नव्हता. कुणीतरी पुलाच्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप उपटून आणलं, डांबराचं अर्धं पिंप मातीने भरून त्यात लावलं, आणि नळ जवळ म्हणून ते पिंप आमच्या पायरीशी आलं.

वर्षातून एक दिवस त्या झाडाचा थाट असायचा. दूध, गुळाचं पाणी, हळद, कुंकू सगळं पिंपात. माती आंबून गेली होती. उरलेलं वर्षभर त्याला कुणी विचारत नसे. आणि सूत. शेजारच्या अक्कांचे यजमान, ज्यांना सगळी वसाहत आबा म्हणायची, सूतगिरणीत होते. ते दर वर्षी घट्ट पिळाच्या सुताची एक रीळ आणून द्यायचे. साधं सूत ऊनपावसात कुजून गळून पडतं. आबांचं सूत गळत नव्हतं. वडाला गुंडाळलेलं सूत हाताने काढायचं नाही, अशी सगळ्यांचीच समजूत. त्यामुळे पिंपापासून वीतभर वर, त्याच जागी, दर वर्षी नव्या फेऱ्या चढत गेल्या. जुनं सूत खोडात रुतलं. त्याच्या वर खोड फुगलं, खाली बारीकच राहिलं. एका बाजूच्या फांद्या वाळल्या.

माझी बायको चोपड्याकडची. माहेरी केळीचा मळा, बांधावर लिंबं. झाड आजारी पडलं की तिला घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं व्हायचं. एका वटपौर्णिमेनंतरच्या रविवारी ती म्हणाली, "अहो, झाडाचा गळा आवळलाय. सूत काढते."

"अगं, बायका काय म्हणतील?"

"आणि मेलं तर काय म्हणतील?"

दुपारी वसाहत झोपलेली असताना तिने दाढीचं पातं आणि दाभण घेतलं. पातं मीच दिलं. फांद्या वाकवून मीच धरल्या. सालीत शिरलेला एकेक दोरा तिने उचकून काढला. खोडातून पांढरा चीक वाहत होता आणि आम्ही दोघं चोरी केल्यासारखे सारखे रस्त्याकडे बघत होतो.

संध्याकाळी अक्का नळावर आल्या. कळशी खाली ठेवून बघत राहिल्या.

"वहिनी, सूत कुठे गेलं?"

"काढलं. आत रुतलं होतं."

"काढलं? अहो, अख्ख्या वसाहतीचे नवरे होते त्या सुतात."

"होते ना. म्हणूनच झाडाला श्वास घेता येईना."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, पण अक्का हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमच्या देखत झालं हे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? मी झोपलो होतो."

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं, पातं चिंधीत गुंडाळलं आणि ती आत गेली.  

त्याच पंधरवड्यात आबा सायकलवरून पडले आणि त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. मग काय विचारता. वसाहतीतले नवरे रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघू लागले. मंगळागौर, हळदीकुंकू, कशाचंच बोलावणं आमच्या घरी येईना. त्यात वडाची होती नव्हती ती पानंही गळली. नळावर अक्का तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "झाड वाळलं तर या बाईला इथे तोंड दाखवायला जागा नाही."

हे खरंच होतं. झाड गेलं असतं तर ती जन्मभर वड मारणारी बाई ठरली असती.

तिने आंबलेली माती काढून टाकली. विटांचा चुरा, वाळू आणि शेणखत कालवून नवी भरली. वाळक्या फांद्या करवतीने उतरवल्या. खोडाच्या फुगीर भागावर ओलं गोणपाट बांधलं आणि दिवसातून दोनदा ते भिजवायची. मी विचारलं, हे कशासाठी. ती म्हणाली, "लिंबाची गुटी बांधताना आम्ही साल मुद्दाम कापतो, म्हणजे कापल्या जागेच्या वर मुळं फुटतात. इथे सुताने आधीच कापून ठेवलीये. मुळं येणारच."

श्रावण निम्मा सरला तेव्हा टोकाला एक लालसर कोंब दिसला. तिने मला दाखवला नाही. मी दाढी करताना खिडकीतून पाहिला आणि घाईत गाल कापून घेतला. दिवाळीच्या आत गोणपाटाखालून पांढऱ्या मिश्यांसारखी मुळं बाहेर आली, खोडाभोवती एका वळ्यात. ती उन्हाने वाळू नयेत म्हणून तिने माहेरून केळीच्या खांबाची सोपटं आणवली. प्रत्येक मुळाला ओल्या सोपटाची नळी करून ते खाली मातीपर्यंत आणलं. पुढे धुळ्याचा उन्हाळा बाहेर भाजून काढत होता आणि त्या पारंब्या केळीच्या गारव्यात उतरत होत्या.

पुढे नाशिकला एका लग्नात, यजमानांच्या बंगल्यात, आम्ही पहिल्यांदा बोन्साय पाहिला. मी जेवायला गेलो. ती तिथेच उभी राहिली. परत येताना गाडीत म्हणाली, "आपल्या वडाची माती नुसती कमी करायची आहे. आकार त्याच्याकडे आहेच."

घरची पितळी परात उपडी घालून तिच्यावर सिमेंट थापून तिने उथळ कुंडी केली. खाली भोकं ठेवली. झाड पिंपातून काढलं, जाड मुळं छाटली, बारीक ठेवली, वरचा शेंडा उतरवला. फांद्यांना वळण द्यायला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून जुनी तांब्याची तार आणली. तार रुतायच्या आत सोडवायची, पुन्हा दुसऱ्या जागी गुंडाळायची. या बाबतीत ती फार कडक होती. एकदा तार मी बांधली, तर संध्याकाळी तिने ती सोडून माझ्या हातात दिली. "नवऱ्याला बांधतात तेवढी घट्ट नको," म्हणाली.

अक्का कुंपणापलीकडून हे सगळं बघत असत. बोलत नसत. एका मे महिन्यात आम्ही आठवडाभर चोपड्याला गेलो. आता वड वाळलेला बघायचा, अशी मनाची तयारी करून परतलो, तर कुंडी ओली होती. बायकोने मातीला बोट लावून पाहिलं आणि कुंपणाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "अक्का, चहा टाकतेय." अक्का आल्या, मागोमाग आबाही. सुताचा विषय दोघींनी काढला नाही. आबांनी त्याच मोडलेल्या हाताने चहाचा कप धरलेला बघून मला हायसं वाटलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी जळगावला बदली झाली. सामान ट्रकमधून गेलं. वड तिने एसटीत मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "बाई, झाडाचं तिकीट?" ती म्हणाली, "मांडीवरचं आहे. अर्धंसुद्धा लागत नाही." पारोळ्यापर्यंत तो हसत होता.

काही वर्षांनी जळगावात झाडाफुलांचं प्रदर्शन भरलं. कुंडी घेऊन मी गेलो आणि नाव विचारलं तेव्हा माझं सांगितलं. तिचं सांगायला काय हरकत होती, हे मला आजवर स्वतःला नीट पटवता आलेलं नाही. पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझं नाव आलं, मग व्याख्यानांची बोलावणी आली, आणि मी गेलो. एका व्याख्यानाला निघताना ती एवढंच म्हणाली, "पाणी जास्त घालू नका. मुळं कुजतात."

पण बक्षिसाच्या संध्याकाळी प्रदर्शनाच्या मंडपात जे घडलं ते कुणी छापलं नाही.

माझं नाव पुकारलं गेलं. मी मंचावर चढलो. परीक्षक बाईंनी माइकवर विचारलं, "या पारंब्या सगळ्या एकाच उंचीवरून, अशा वळ्यात उतरल्या आहेत. हे कसं साधलंत?"

मी म्हणालो, "निसर्गाची किमया."

मागच्या रांगेत कुणीतरी खळखळून हसलं. अक्का होत्या. वड बघायला म्हणून आबांना घेऊन धुळ्याहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. "निसर्गाची कसली भाऊ, आमच्या घरच्या सुताची." मग रागात किंवा आनंदात यायची तशी त्यांची अहिराणी आली. "हाई झाड यास्नं नही. बठ्ठं वहिनीनं शे." झाड माझं नाही, सगळं वहिनीचं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं की हिने सूत काढलं तेव्हा आम्ही हिला नाही नाही ते बोललो, वर्षभर हिला घरी बोलावलं नाही, आणि हिने एकटीने ते जगवलं. आबा मान डोलावत होते.

मंडपात टाळ्या सुरू झाल्या. मी माइकपासून बाजूला झालो. तेवढं एक मी त्या दिवशी बरोबर केलं.

पहिल्या रांगेत बसलेली बायको उठली आणि पदर खोचून मंचावर आली. पानं बाजूला सारून तिने खोडावरचा वळा परीक्षक बाईंना दाखवला, मग बोटाने एकेक पारंबी. माइक तिने दोन्ही हातांनी धरला. आंबलेल्या मातीपासून सुरुवात केली, गुटीवर आली, केळीच्या सोपटांवर आली. धरणगावच्या एका शेतकऱ्याने तारेबद्दल विचारलं, त्याला पूर्ण उत्तर दिलं. संयोजकांनी तिला दोनदा घड्याळ दाखवलं. तिने ते पाहिलं, मान हलवली आणि मुळांच्या छाटणीकडे वळली.