बाबांच्या फायली

हॉलमधल्या जुन्या कम्प्युटरचा हिरवा दिवा लुकलुकतो, तेव्हा माझ्या लॅपटॉपवरचं सगळं वायफायवरून तिथे जाऊन साठत असतं. लॅपटॉप बिघडला तरी माझं काही हरवू नये, म्हणून ही सोय मीच केली.

तेव्हा त्या कम्प्युटरवर जागा कमी पडत होती. बाबांच्या फायली उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, अर्थ कशालाच नाही. खराब झाल्या असतील असं समजून मी त्या पुसून टाकल्या. बाबा पलीकडेच पेपर वाचत होते, पण मी त्यांना विचारलं नाही.

नंतर कळलं, कम्प्युटर साफ करताना त्यांचा जुना मराठी फॉन्ट मीच उडवला होता. त्याच्याशिवाय ते मराठी तसंच दिसतं. निवृत्तीनंतर दोन बोटांनी टाइप केलेल्या, कालव्यावरच्या नोकरीच्या आठवणी होत्या त्या. मला वाचता आलं नाही, तेवढ्यावरून मी तो कचरा ठरवला. परत मिळवायला गेले, तर त्या जागी माझे कॉलेजचे फोटो बसले होते.

"अगं, विचारायचं तरी!" आई म्हणाली.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "असू दे गं. तुझं सगळं मावलं ना?"