चोख की बद्द

पाना चांगला की वाईट हे नुसतं बघून सांगणारा माणूस भेटला की माझं डोकं सणकतं. मी भिवंडीत इतकी वर्षं पाने, पकडी, हातोड्या विकतेय आणि मला अजूनही नुसतं बघून कळत नाही. चकाकी सगळ्यांनाच असते. छापही सगळ्यांवर असतो, आणि खोट्या मालावरचा छाप तर खऱ्यापेक्षा देखणा!

माझं माहेर भिवंडी गावातच, वडील पोस्टात कारकून. आमच्या घरात हत्यार म्हणजे एक पेचकस, तोही नेमका लागेल तेव्हा सापडायचा नाही. लग्न होऊन जवळच्या कोन गावात आले, ती शेतीवाल्यांच्या घरात. पण सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत हत्यारांचं दुकान होतं. नवरा गोदामात ड्युटीला, त्याला दुकानात काडीचा रस नाही. बाबा थकले की गाळा भाड्याने देऊन टाकू, असं तो सरळ म्हणायचा. मला मात्र ते दुकान हवं होतं. घरात बसून भिंती बघायचा मला भयंकर कंटाळा. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी बाबांना धीर करून विचारलं.

"ये की," बाबा म्हणाले. "पन ज्या दिवशी तुला कानानं माल वळखता येईल, त्या दिवशी चावी तुझी. त्याच्या आदी न्हाय."

कानाने म्हणजे असं. पाना सुतळीला बांधून लोंबता धरायचा आणि दुसऱ्या पान्याने त्याला टोला हाणायचा. चांगला माल लांब, स्वच्छ वाजतो, तो चोख. आतून कच्चा किंवा चिरलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा वाजतो, तो बद्द. नवीन पेटी आली की बाबा एकेक पाना असा वाजवायचे, माझ्याकडे बघून विचारायचे, "ऐकलंस?" आणि मग निकाल द्यायचे. बद्द निघाला की परतीच्या पेटीत. गल्लीतले जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे मिस्त्री, बाबांच्या "चोख" या एका शब्दावर डोळे मिटून माल न्यायचे.

आणि मला काही म्हणजे काही कळायचं नाही. चारी बाजूंनी लूमची खटखट, त्यात हा एवढासा आवाज! मी कान टवकारायचे, कपाळाला आठ्या घालायचे. बाबा म्हणायचे, "बद्द." मला तर तो बरा वाटलेला असायचा. दुसरा वाजायचा, मला तसाच वाटायचा, बाबा म्हणायचे, "चोख." मी मनात म्हणायचे, अगं बाई, तुझे कान आहेत की भोकं?

वर्षभर असं चाललं. शेवटी मला रागच आला. एका पान्याच्या दांड्यावर मी गुपचूप नेलपॉलिशचा ठिपका दिला. सकाळी तो बाबांसमोर गेला, तेव्हा बद्द ठरला. दुपारी मीच तो परतीच्या पेटीतून काढून पुन्हा पुढे सरकवला, तेव्हा चोख! मी चक्रावून गेले. दुसऱ्या दिवशी परत तेच केलं तर दोन्ही वेळा बद्द. रात्रभरात लोखंड बदलतं का? की ऊन-सावलीने आवाज बदलतो? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर परीक्षा कोण कुणाची घेतंय, असं झालं असतं.

मग एक दिवस आमचं जुनं गिऱ्हाईक, उत्तरेकडचा एक म्हातारा जॉबर, हाताला फडकं गुंडाळून दुकानात आला. मागच्याच आठवड्यात बाबांनी चोख म्हणून दिलेला पाना जोर लावताना तोंडाशी फाकला होता, आणि त्याची बोटं लूमच्या चौकटीवर आपटली होती. दोन नखं गेली होती. बाबांनी तो पाना हातात घेतला, उलटासुलटा केला आणि दुसरा दिला. त्यांचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

जॉबर जाताना मला म्हणाला, "बहू, आवाज वावाज छोडो. नट पे चढ़ाओ और खींचो. ढीला बैठे तो बेचना मत. और कानस मारके देखो, कच्चा होगा तो कानस काटेगी." त्याने खिशातून एक जुना नट-बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला. दुखऱ्या हाताने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात ते झालं. दुपारी लाइट गेली आणि सगळी गल्ली एकदम गप्प झाली. एरवी लाइट गेली की बाबा खुर्ची बाहेर ओढून तोंडावर पेपर घ्यायचे आणि झोपायचे. त्या दिवशी ते पाठमोरे, स्टुलावर उभे राहून वरच्या फळीवर माल लावत होते. माझं कोपर लागलं आणि पान्यांचा अख्खा ट्रे फरशीवर आला. असा आवाज झाला की समोरचा चहावाला धावत बाहेर आला. बाबांनी मान वळवली नाही.

"बाबा," मी म्हटलं. मग जरा मोठ्याने, "बाबा!" ते आपले खोके लावत होते.

थोड्या वेळाने ते खाली उतरले, फरशीवर बघितलं आणि विचारलं, "ह्ये कदी पडलं?"

मी पाने गोळा करायला खाली बसले. आमच्या कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? पण येणार कसं! लूमच्या गल्लीत सगळेच ओरडून, हातवारे करून बोलतात, एकमेकांच्या ओठांकडे बघून समजून घेतात. आमच्या घरात तर कुणी हळू बोललं की बाकीच्यांना वाटायचं भांडण झालंय. अशा ठिकाणी माणूस ठार बहिरा झाला तरी कळणार कुणाला?

मग निकाल कुठून यायचा? तेव्हा मला आठवलं. टोला हाणल्यावर बाबा पान्याकडे बघायचेच नाहीत. "ऐकलंस?" म्हणून माझ्या तोंडाकडे बघायचे. माझ्या कपाळाला आठी दिसली की बद्द. तोंड हसरं दिसलं की चोख. ठिपक्याचा पाना वाजवला त्या सकाळी मी नवऱ्याशी भांडून आले होते आणि दुपारी पोटभर जेवले होते. आणि जॉबरचा पाना वाजवला त्या दिवशी माझ्या माहेरी भावाचं लग्न ठरलं होतं. मी दिवसभर खुशीत होते.

दोन नखं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. त्याला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर पाटी लागली असती. मी एवढंच केलं. पेटी आली की बाबा यायच्या आधी एकेक पाना त्या जॉबरच्या नटावर चढवायचा, जोर लावून ओढायचा, दांड्यावर कानस घासून बघायची. मग बाबा वाजवायला बसले की मी तोंड तसं ठेवायचे. वाईट असेल तर आठी, चांगला असेल तर सरळ. घरी आग लागलेली असो की सण असो.

पाच-सहा महिने गेले. एकदा पेटी संपल्यावर बाबांनी कमरेची चावी सोडली आणि गल्ल्यावर ठेवली.

"पन बाबा, मला अजून कानानं कळत नाही," मी त्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवत म्हणाले. म्हणजे खरं तेच सांगितलं.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "पयले तू तोंडावर सवाल घेऊन मलाच इचारायचीस. आता इचारत न्हायस."

त्यांना किती कळलं होतं, कधीपासून, हे मला आजवर उमगलेलं नाही. मी सुतळीला एक पाना बांधला आणि टोला हाणला. लूमच्या खटखटीत मलाही काही ऐकू आलं नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मी बोलायची वाट बघत.

"चोख," मी म्हटलं, आणि त्यांनी मान डोलवली.