नागपंचमीचे ठसे

नातवंडांनो, तुमच्या शाळेत चित्रकार आले होते आणि तुम्ही बटाटे कापून ठसे उमटवले, तो फोटो पाहिला. धाकटीच्या नाकाला लागलेला निळा रंगही पाहिला. तेव्हापासून इस्लामपूरजवळची माझी शाळा डोळ्यांपुढे आहे. बटाटे आमच्याकडेही आले होते, पण एकही कापला गेला नाही. का, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात वाढले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्नानंतर त्या गावात प्राथमिक शाळेत शिकवू लागले. सांगलीच्या एका हायस्कूलमधले चित्रकलेचे शिक्षक एक दिवस आमच्या मुलांसाठी यायला तयार झाले. त्यांना सुट्टीच्याच दिवशी जमणार होतं, म्हणून मी नागपंचमी ठरवली. त्या दिवशी आमच्या माहेरी विळी आडोशाला ठेवून देत. चिरणं, तळणं बंद. सगळं उकडून खायचं. शेतात कुणी नांगर घालत नसे, कुदळ मारत नसे, कारण नागाला इजा होता कामा नये. पण चित्रं काढायला कसली आडकाठी, असं मला वाटलं. कागद, रंग आणि ब्रश, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चौथीतली एक मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसली होती. तिचे वडील फौजेत. त्यांची सुट्टी संपली होती आणि ते त्याच दुपारच्या एसटीनं निघणार होते. तिला त्यांच्या ट्रंकेत आपलं चित्र घालायचं होतं.

"बाई, गाडी यायच्या आत व्हईल न्हवं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

चित्रकारांनी पिशवीतून बटाटे काढले आणि शेजारी छोटे चाकू मांडले. पुढची मुलं मागे सरकली.

"गुर्जी, आज चिरत न्हाईत," एक मुलगा म्हणाला. "नागोबाला लागतंय."

"बटाट्यात कुठला आलाय नागोबा?"

"आवं, तुमच्या घरात कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

मुलं खिदळली. गुरुजी एकटे राहत, खानावळीत जेवत. त्यांना कोण सांगणार? हसतच त्यांनी त्या मुलीपुढे चाकू धरला. "तू तरी सुरुवात कर. घाई तुलाच आहे."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझं आबा आज निघाल्यात. मी न्हाई कापायची."

तिचे डोळे भरून आले होते. चित्र तर हवंच होतं. पण ज्यांच्यासाठी हवं, त्यांच्यावरच काही संकट आलं तर? तिची समजूत मी कोणत्या तोंडानं घालणार? सरहद्दीवर माझं कुणी जाणार नव्हतं.

चित्रकारांनी चाकू पिशवीत परत टाकले. "बरं. न कापता काय काय उमटतं, ते बघू या."

मग खोलीत नुसता दंगा. बांगड्या रंगात बुडाल्या, अंगठे बुडाले, अंगणातली गळलेली पानं आली. एकानं अख्खा बटाटाच कागदावर दाबला. "ह्यो माझा चांद."

"चांद कसला, तुझं डोस्कं हाय ते!"

त्या मुलीकडे खाऊ म्हणून आणलेलं मक्याचं उकडलेलं कणीस होतं. तिनं ते ताटलीतल्या हिरव्या रंगात घोळवलं आणि कागदावर लाटण्यासारखं फिरवलं. मागे दाण्यांच्या ओळीच्या ओळी उमटल्या. मनगट वळवलं, तसा माग वळला.

"आयला, नाग!" मागून कुणीतरी ओरडलं. "खवलं बघ की लेका!"

तिनं मूठ रंगात टेकवून फणा उठवला. तोंड उजवीकडे. तेवढ्यात दारात ट्रंक घेतलेले वडील उभे. चित्र ओलंच होतं.

"वाळंस्तवर एसटी थांबायची न्हाई, साहेब," ते चित्रकारांना म्हणाले.

चित्रकारांनी चित्रावर एक कोरा कागद अंथरला, तळहातानं दाबला आणि अलगद उचलला. जास्तीचा रंग त्यानं टिपून घेतला होता. चित्राची सुरळी करून त्यांनी वडिलांच्या हातात दिली. टिपकागदाचं काम केलेला तो कागद ते बाजूला टाकणार, तर वडिलांनी धरला. त्यावरही नाग उमटला होता, जरा फिकट, तोंड डावीकडे.

"ह्यो तुला ऱ्हाऊ दे," ते मुलीला म्हणाले. "माझा तिकडं बघंल, ह्यो हिकडं बघत ऱ्हाईल."

ती त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत गेली. एसटी गेल्यावर बाकीची मुलं झोके खेळायला पांगली. ही मात्र कागद घेऊन परत वर्गात आली.

"बाई, ह्याला डोळा न्हाई," ती म्हणाली. "आता बघनार कसा?"

ताटलीच्या कडेला थोडा रंग उरला होता. तिनं त्यात करंगळी बुडवली आणि श्वास रोखून फण्यावर टेकवली.